हवाई तळ कसा चालतो?

महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री नदी पोलादपूर आणि महाडवरून वाहत बाणकोटच्या खाडीत शिरते आणि समुद्राला मिळते. २०२१ च्या जुलै महिन्यात या नदीच्या खोऱ्यात पावसाने कहर केला. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत एकट्या महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. महाड शहर पाण्याखाली गेले. २२ तारखेच्या संध्याकाळी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगराचा कडा कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. रस्ते एक तर पुरात बुडाले होते, नाही तर दरडींखाली गेले होते. तळियेला मदत पथके पोहोचायला दुसरा दिवस उजाडला.

त्या दुसऱ्या दिवशी, २३ जुलैच्या पहाटे, मुंबईच्या कुलाब्याहून नौदलाचे एक सी किंग ४२ सी जातीचे हेलिकॉप्टर पोलादपूरच्या दिशेने निघाले. ते जेथून निघाले त्या तळाचे नाव आय. एन. एस. शिक्रा. पूर्वी तो कुंजाली-२ म्हणून ओळखला जाई. २००९ मध्ये त्याला हे नवे नाव मिळाले. त्याच दिवसांत हवाई दलाने रत्नागिरीला आपली एक तुकडी बसवली आणि पुण्याला एक हेलिकॉप्टर राखीव ठेवले.

हेलिकॉप्टर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वैमानिक येतो, दोरावरून खाली उतरणारा जवान येतो. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण विद्यार्थिमित्रांनो, पुरात अडकलेल्या माणसाच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळा असतो : हे हेलिकॉप्टर दिवसभरात किती फेऱ्या करू शकेल? या प्रश्नाचे उत्तर आकाशात कमी आणि जमिनीवर जास्त ठरते. ते कसे, हे आपण हिशेब मांडूनच पाहू.

कुलाब्याहून पोलादपूर सरळ रेषेत सुमारे १२५ किलोमीटर आहे. हेलिकॉप्टरचा वेग ताशी २०० किलोमीटर धरला तर जाण्यायेण्यास मिळून सव्वा तास लागेल. पोलादपूरच्या परिसरात शोध घेणे, माणसे उचलणे, सामान उतरवणे यासाठी एक तास धरू. परत आल्यावर इंधन भरणे, तपासणी आणि नवे सामान चढवणे यासाठी पाऊण तास. एकूण झाले तीन तास. जुलैमध्ये उजेड सुमारे तेरा तास असतो. म्हणजे दिवसात चार फेऱ्या. (वैमानिकांना विश्रांती लागते, हे सध्या बाजूला ठेवले आहे. प्रत्यक्षात दुसरी जोडी तयार ठेवावी लागते.)

आता समजा, आपल्याला चाराच्या पाच फेऱ्या करायच्या आहेत. एक उपाय म्हणजे हेलिकॉप्टर वेगाने हाकणे. तेरा तासांत पाच फेऱ्या म्हणजे एका फेरीला २ तास ३६ मिनिटे. त्यातले पावणेदोन तास कामाचे आणि जमिनीवरचे. उरली ५१ मिनिटे. तेवढ्या वेळात २५० किलोमीटर काटायचे तर वेग हवा ताशी जवळजवळ तीनशे किलोमीटर! सी किंगला तो कधीच जमणार नाही. दुसरा उपाय असा : वेग तोच ठेवायचा, पण जमिनीवरचे पाऊण तासाचे काम पंधरा मिनिटांत उरकायचे. मग फेरी अडीच तासांची होते आणि तेरा तासांत पाच फेऱ्या सहज बसतात. इंजिन बनवणाऱ्या कारखान्याला जे साधले नसते, ते इंधनाची नळी ओढणाऱ्या आणि पेटारे चढवणाऱ्या माणसांनी साधले. चांगल्या तळाची परीक्षा येथेच होते.

तळ आणि उडणारी पथके यांचे नाते घरमालक आणि भाडेकरूसारखे असते. विमाने चालवणाऱ्या पथकाला स्क्वाड्रन म्हणतात. स्क्वाड्रन आज या तळावर, उद्या त्या तळावर असे हलू शकते; तळ मात्र जागीच राहतो आणि येईल त्याची सोय पाहतो. हवाई दलाच्या मोठ्या तळावर प्रमुखाच्या हाताखाली कामाच्या तीन शाखा असतात : उड्डाणांची, यंत्रांच्या देखभालीची आणि प्रशासनाची. धावपट्टी, इमारती, पाणी आणि वीज यांची व्यवस्था लष्करी अभियांत्रिकी सेवा हे वेगळे खाते पाहते. स्वयंपाकघर, दवाखाना, अग्निशमन, पहारा हे सारे त्यात आलेच. एखादे लहान शहरच म्हणा ना. फरक इतकाच की या शहराची सर्व कामे एकाच घड्याळाला बांधलेली असतात.

तळावर दिवसाचा पहिला शब्द हवामान सांगणाऱ्याचा. त्याचा नकाशा पाहिल्याखेरीज कोणी इंजिनाला हात लावीत नाही. महाडच्या बाबतीत त्याची अडचण मोठी मजेदार आहे. पुण्याचा लोहगाव तळ महाडपासून सरळ रेषेत अवघा पाऊणशे किलोमीटर आहे. मुंबई त्याहून दूर, सुमारे ११० किलोमीटर. मग पुण्याहूनच जाणे सोयीचे नाही का? नकाशावर आहे. पण मध्ये सह्याद्री उभा आहे. पावसाळी ढग डोंगरमाथ्यावर अक्षरशः टेकलेले असतात. वरंधा घाटातून पावसात एस. टी. ने गेलेल्यांना हे सांगायला नको. पुण्याहून येणाऱ्या वैमानिकाला ढगात शिरून डोंगर ओलांडावा लागतो आणि मग न दिसणाऱ्या दरीत उतरावे लागते. उलट समुद्राकडून येणाऱ्याला ढगांच्या खालून, किनाऱ्याच्या आणि नदीच्या रेषेने येता येण्याची शक्यता असते. रत्नागिरीहून पोलादपूर काही फार जवळ नाही, तेही शंभर किलोमीटरच्या वरच. पण मध्ये सह्याद्रीचा मुख्य कणा आडवा येत नाही. शिवाय तेथून चिपळूण जवळ, आणि त्याच दिवशी चिपळूणही बुडाले होते. तळ कोठे बसवायचा हे अंतर मोजून ठरवायचे नसते, वाट पाहून ठरवायचे असते.

आता इंधनाकडे वळू. हेलिकॉप्टरच्या टर्बाइन इंजिनाला पेट्रोल लागत नाही. लागते ते रॉकेलच्या कुळातले विमान-इंधन. एका लिटरचे वजन सुमारे ८०० ग्रॅम. हिशेबासाठी आपल्या हेलिकॉप्टरला ताशी ५०० किलोग्रॅम इंधन लागते असे धरू. सव्वा तासाच्या प्रवासाला ६२५ किलो, तासभराच्या कामाला ५००, आणि अडचणीसाठी अर्ध्या तासाचा साठा २५० किलो. एकूण १३७५ किलो, म्हणजे सुमारे १७२० लिटर. दोनशे लिटरची जवळजवळ नऊ पिंपे!

या आकड्याची दुसरी बाजू पाहा. ठरावीक वजनापलीकडे हेलिकॉप्टर उचलत नाही. एका माणसाचे वजन ६५ किलो धरले, तर १३७५ किलो इंधन म्हणजे एकवीस माणसांचे ओझे. वैमानिकाने 'असू द्या' म्हणून दोन पिंपे जास्त भरून घेतली, तर पुरातून काढायची चारपाच माणसे त्या फेरीला मागे राहतील. कमी घेतले, तर परतीची खात्री नाही. म्हणून इंधन अंदाजाने भरीत नाहीत, हिशेबाने भरतात. आणि तोच साठा पंधरा मिनिटांच्या अंतरावर आणून ठेवला तर? प्रवास अर्ध्या तासाचा होईल, ३७५ किलो इंधन कमी लागेल आणि दर फेरीला पाचसहा माणसे जास्त बसतील. पुढे सरकून बसवलेल्या तुकडीचे महत्त्व या साध्या वजाबाकीत आहे.

वजनाच्या बाबतीत पावसाळी हवाही दगा देते. दमट हवा जड असते असे आपल्याला वाटते. खरे तर ती कोरड्या हवेपेक्षा हलकी असते! पाण्याच्या वाफेचा रेणुभार १८, तर हवेचा सरासरी सुमारे २९. वाफ शिरली की तेवढ्या जागेतले जड रेणू हटतात. हवा हलकी झाली की पंख्याला रेटा देण्यासाठी पदार्थ कमी मिळतो. उंचीवर हे आणखी जाणवते; महाबळेश्वराच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी असते. महाडला जेवढे ओझे उचलता येईल तेवढे वर घाटमाथ्यावर नाही.

इंधन भरपूर असून भागत नाही, ते निर्मळ असावे लागते. पावसाळ्यात टाकीच्या आतल्या भिंतींवर दव धरते, तसे पाणी इंधनात उतरते. पाणी जड, म्हणून तळाशी बसते. रोज सकाळी टाकीच्या तळातून थोडे इंधन काचेच्या बरणीत काढून उजेडात धरून पाहतात आणि पाणी लागताच रंग बदलणाऱ्या रसायनाने त्याची परीक्षा करतात. एवढी काळजी का? उंचावरच्या थंडीत पाण्याचे बर्फकण होतात आणि इंधनाची गाळणी तुंबते. शिवाय पाणी आणि रॉकेल जेथे भेटतात त्या सीमेवर चक्क बुरशी वाढते. होय, विमानाचे इंधन खाऊन जगणारी बुरशी आहे! तिचा चिखलासारखा थर नळ्या बंद करतो.

इंधन भरताना आधी एक तार हेलिकॉप्टरला आणि इंधनाच्या गाडीला जोडतात. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा खेळ तुम्ही केला असेल. वेगाने वाहणारे इंधन नळीवर आणि गाळणीवर असेच घासते आणि विद्युतभार साठतो. तार नसेल तर नळीच्या तोंडाशी ठिणगी पडायला वेळ लागत नाही. आणि आग लागलीच तर नुसते पाणी मारून चालत नाही. पाणी इंधनाखाली जाते आणि जळते इंधन वर तरंगत पसरते. म्हणून तळाच्या बंबात फेसाचे द्रव्य असते. फेस वर पसरून हवा तोडतो. प्रत्येक उड्डाणाच्या वेळी हा बंब माणसांसह तयार उभा असतो. वर्षानुवर्षे त्याला काही काम पडले नाही, तर ते उत्तम.

देखभालीची शाखा सर्वांत मोठी. हेलिकॉप्टरची तपासणी उड्डाणापूर्वी होते, उतरल्यावर होते, आणि ठरावीक तास भरले की मोठी होते, मग ते कितीही ठणठणीत दिसो. कल्पना करा, एका पथकाजवळ सहा हेलिकॉप्टरे आहेत. दोघांचे तास एकाच आठवड्यात भरले आणि एकाचा सुटा भाग यायचा आहे. मग कागदावर सहा असली तरी हातात तीनच. म्हणून तास कधी भरू द्यायचे याचेही वेळापत्रक आखतात. पावसाळा लागण्यापूर्वी जास्तीत जास्त यंत्रे मोकळी राहतील असे पाहणे हे शहाणपणाचे.

गिअरबॉक्सची परीक्षा मोठी चतुराईची आहे. त्यातल्या तेलात लोहचुंबकाचे एक बूच बसवलेले असते. दातेरी चाके झिजू लागली की पोलादाचा बारीक कीस तेलात येतो आणि चुंबकाला चिकटतो. तंत्रज्ञ बूच काढून पाहतो. नुसती पूड असेल तर साधी झीज. खपल्या दिसल्या तर गिअरबॉक्सच्या पोटात काही तुटते आहे. यंत्र न उघडता त्याची नाडी पाहण्याचाच हा प्रकार!

मुंबईच्या तळाला आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे मीठ. श्रीवर्धन, हरिहरेश्वरकडे सायकली किती लवकर गंजतात ते ठाऊकच आहे. समुद्रावरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या इंजिनात खारे तुषार जातात आणि पात्यांवर मिठाचा थर बसतो. म्हणून समुद्रावरून आलेले इंजिन गोड्या, क्षार काढलेल्या पाण्याने आतून धुतात. माणूस दमून आला की हातपाय धुतो, तसेच.

हत्यारांची शिस्त तर पाहण्यासारखी. पेटीत प्रत्येक पान्याच्या आकाराचा खाचा असतो. काम संपल्यावर एक खाचा रिकामा दिसला, तर तो पाना सापडेपर्यंत विमान हलत नाही. विसरलेला पाना इंजिनात किंवा नियंत्रणाच्या दांड्यांत अडकला तर काय होईल ते सांगायला नको. आणि प्रत्येक काम वहीत लिहायचे, करणाऱ्याने सही करायची, तपासणाऱ्याने वेगळी सही करायची. वैमानिक ती वही वाचून स्वतःची सही करतो आणि मगच यंत्र ताब्यात घेतो. शाळेच्या प्रयोगवहीचा कंटाळा करणाऱ्यांनी ही वही एकदा पाहायला हवी.

तळावर जे जमत नाही ते मागे पाठवतात. हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय आपल्या नागपूरला आहे. नाशिकजवळ ओझरला आणि पुण्याला त्याचे मोठे दुरुस्ती-आगार आहेत, देवळालीला सामानाचे कोठार आहे. नौदलाच्या विमानदुरुस्तीच्या गोद्या कोची आणि गोव्याला आहेत. पोलादपूरवर घिरट्या घालणाऱ्या यंत्राचा एखादा भाग कित्येक महिन्यांपूर्वी अशाच कोठल्या तरी कार्यशाळेत उघडून, मोजून पुन्हा बसवलेला असतो.

विमानांच्या तळावर धावपट्टी जपणे हे आणखी एक काम. सकाळी माणसे ओळीने चालत जाऊन खडा, खिळा, तारेचा तुकडा वेचतात, कारण जेट इंजिन तो पाण्याच्या घोटासारखा ओढून घेते. पक्ष्यांचा त्रास वेगळाच. १९८० नंतरच्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भारतीय विमानतळांवरील पक्ष्यांच्या उपद्रवाचा अभ्यास केला. पक्ष्यांच्या मागे नुसते फटाके घेऊन धावण्यात अर्थ नसतो. भोवतालचा उकिरडा आणि उघड्यावरचे मांस हटले तर घारी आपोआप कमी होतात. म्हणजे तळाची सुरक्षितता शेजारच्या गावाच्या कचऱ्यावरही अवलंबून असते.

युद्धात तर धावपट्टीवरच घाव घालतात. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी विमानांनी भूजच्या धावपट्टीवर बाँब टाकून ती निकामी केली. तळाचे प्रमुख होते विजय कर्णिक हे मराठी अधिकारी. हाताशी पुरेशी माणसे नव्हती. तेव्हा जवळच्या माधापार गावच्या सुमारे तीनशे स्त्रिया कामावर आल्या आणि तीन दिवसांत त्यांनी धावपट्टी पुन्हा वापरण्याजोगी केली. वरून दिसू नये म्हणून कामावर शेणाचा सडा घातला; हल्ल्याचा भोंगा वाजला की त्या झुडपांत दडत. त्या तीन दिवसांपुरत्या त्या स्त्रियाच त्या तळाचे सहाय्यक दल होत्या.

रत्नागिरीला बसवली तशी तुकडी म्हणजे या सगळ्या पसाऱ्याचे गाठोडे. काही तंत्रज्ञ, हत्यारांच्या पेट्या, नेहमी लागणारे सुटे भाग, इंजिन सुरू करण्यासाठी जमिनीवरचा वीजसंच, इंधन आणि ते तपासण्याच्या बरण्या, बिनतारी संच आणि झोपण्या-जेवण्याची सोय. गाठोड्यात काय घ्यायचे ते अनुभवाने कळते. जागा थोडी असते, आणि नेमका न घेतलेला भागच मोडतो, असे जुने तंत्रज्ञ हसून सांगतात!

आता साखळीचे शेवटचे टोक राहिले, ते म्हणजे हेलिकॉप्टर जेथे उतरते ती जागा. तेथे ना धावपट्टी, ना तंत्रज्ञ. बहुधा ते एखाद्या शाळेचे मैदान असते. तेथे काय घडते, ते न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने सांगता येते. नऊ टनांचे हेलिकॉप्टर हवेत तरंगत राहण्यासाठी तेवढ्याच बलाने हवा खाली रेटते. सी किंगच्या पंख्याचा व्यास सुमारे १९ मीटर आहे, म्हणजे वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २८० चौरस मीटर. गणित केले तर दर सेकंदाला जवळजवळ चार टन हवा खाली फेकली जाते आणि तिचा वेग ताशी ८० किलोमीटरपर्यंत जातो. हे एक छोटे वादळच. डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद महाड तालुक्यातील रायगडावर आले, तेव्हा हेलिकॉप्टरने गडावर न उतरता रोपवेने वर गेले. हेलिकॉप्टरचा धुरळा शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर उडतो, अशी शिवभक्तांची हरकत होती. या वाऱ्यापुढे धूळ ती काय, सुटे पत्रेही टिकत नाहीत.

म्हणून मैदानावर उतरवायचे ठरले की आधी पत्रे, ताडपत्र्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रिकाम्या खोक्या हटवतात, गुरे दूर बांधतात. माणसांना मैदानाच्या एकाच कडेला, वैमानिकाला समोर दिसतील अशी बसवतात. शेपटीच्या बाजूने कोणी जायचे नाही; तेथला छोटा पंखा फिरताना दिसतही नाही. उंच जमिनीवरून उताराकडे उभ्या हेलिकॉप्टरजवळ जायचे नाही, कारण त्या बाजूला पंखा डोक्याच्या उंचीवर येतो. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून एका कडेला थोडा ओला पाला जाळून धूर करतात, किंवा उंच काठीला कापडाची पट्टी बांधतात. ती काठी मात्र मैदानाबाहेर हवी.

तुमच्या शाळेचे मैदान यासाठी चालेल का, ते शिक्षकांच्या मदतीने पाहता येईल. लांबीरुंदी पावलांनी मोजा आणि नकाशा काढा. पंखा १९ मीटरचा आहे, तेव्हा त्याच्या दुप्पट-तिप्पट मोकळी जागा मध्यभागी हवी. जमीन चिखलाची की मुरमाची ते लिहा, कारण नऊ टनांचा भार तीन ठिकाणी टेकणार आहे. उतार किती ते पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने मोजा. झाडे कोणत्या दिशेला किती उंच आहेत ते सावलीच्या लांबीवरून काढा. आणि विजेच्या तारा नकाशावर तांबड्या शाईने दाखवा. पावसातून येणाऱ्या वैमानिकाला तारा दिसत नाहीत. त्याला दिसतात ते खांब, आणि खांबांवरून तो तारा कोठे असतील ते ओळखतो.